लिलावातला प्रॉप खरा की खोटा, हे कसं ठरतं

चित्रपटासाठी वापरलेल्या वस्तू, म्हणजे प्रॉप, लिलावात विकल्या जातात. त्यांच्या कॅटलॉगमधला फोटो नंतर बघा, आधी त्याखालचं वाक्य वाचा. एकाच तलवारीखाली चार निरनिराळी वाक्यं येऊ शकतात: ‘चित्रपटात वापरलेली’, ‘चित्रपटासाठी बनवलेली’, ‘चित्रपटाच्या निर्मितीशी संबंधित’ आणि ‘चित्रपटातल्यासारखी’. कानाला चारही सारखीच लागतात. पहिल्याचा अर्थ, ही तलवार कॅमेऱ्यासमोर आली होती. दुसऱ्याचा अर्थ, ती त्या चित्रपटासाठी घडवली गेली, पण कदाचित पेटीतून बाहेरही निघाली नसेल. तिसऱ्याचा अर्थ जवळजवळ काहीही होऊ शकतो. चौथ्यात ही नक्कल आहे हे विकणाऱ्याने स्वतःच कबूल केलेलं असतं, फक्त जरा गोड शब्दांत. पुढे भांडण झालंच, तर लिलावगृह त्या छापील वाक्यापलीकडचा एक शब्दही मान्य करत नाही.

म्हणून ‘हे खरं आहे का?’ हा प्रश्न अपुरा आहे. नेमका दावा काय आहे आणि तेवढा दावा टिकतो का, असं विचारावं लागतं. याचं गमतीदार उदाहरण म्हणजे २०१० मध्ये लंडनला क्रिस्टीजच्या लिलावात २,७७,२५० पौंडांना गेलेलं वॉल्थर पिस्तूल. जेम्स बाँडच्या ‘फ्रॉम रशिया विथ लव्ह’ या चित्रपटाच्या जाहिरातींतल्या शॉन कॉनरीच्या प्रसिद्ध फोटोंत ते दिसतं. फोटो काढायच्या वेळी बाँडचं नेहमीचं पिस्तूल हजर नव्हतं, म्हणून छायाचित्रकाराने स्वतःचं हवेवर चालणारं पिस्तूल त्याच्या हातात दिलं. म्हणजे वस्तू शंभर टक्के खरी, तिचा फोटो जगभर गेलेला, पण चित्रपटात ती कुठेच नाही. वर्णनात ‘जाहिरातीच्या फोटोंत वापरलेलं’ असं असेल तोवर यात काहीच खोटं नाही. ‘चित्रपटात वापरलेलं’ असं लिहिलं, तर तेच पिस्तूल खोटं ठरेल.

एक वस्तू, अनेक प्रती

महत्त्वाच्या वस्तूची एकच प्रत ठेवून शूटिंग करायला सहसा कोणी धजत नाही. ती तुटली, हरवली, भिजली तर दिवस वाया जातो. त्यामुळे जवळून दिसणारी, बारकाव्यांनी भरलेली ‘हिरो’ प्रत वेगळी असते. मारामारी आणि पडझडीसाठी रबराची किंवा फोमची ‘स्टंट’ प्रत असते. मागच्या गर्दीतल्या लोकांच्या हातात द्यायला ‘बॅकग्राउंड’ प्रती असतात, त्यांचा रंग घाईत मारलेला असतो आणि मागची बाजू कित्येकदा कोरीच. या तिन्ही खऱ्याच. पण हिरो आणि बॅकग्राउंड यांच्या किमतीत कितीतरी पटींचा फरक पडतो, आणि बहुतेक बनवाबनवी इथेच होते. संपूर्ण बनावट वस्तू घडवण्यापेक्षा खऱ्या स्टंट प्रतीला रंगरंगोटी करून हिरो म्हणून खपवणं सोपं असतं. साहित्य त्याच काळातलं, हात त्याच कार्यशाळेतले. तपासणारा अर्धा तर तिथेच विरघळतो.

‘सिटिझन केन’ या चित्रपटातली ‘रोझबड’ नावाची, बर्फावरची घसरगाडी घ्या. शेवटच्या प्रसंगात ती जळते, म्हणून बाल्सा या हलक्या लाकडाच्या अनेक गाड्या तयार केल्या होत्या. सुरुवातीच्या प्रसंगांसाठी पाइनची मजबूत गाडी वेगळी होती. न जळता उरलेली बाल्साची गाडी स्टीव्हन स्पीलबर्गने १९८२ मध्ये ६०,५०० डॉलर्सना घेतली. दिग्दर्शक जो डान्टे यांच्याकडची गाडी जुलै २०२५ मध्ये १ कोटी ४७ लाख ५० हजार डॉलर्सना गेली. एक खरी म्हणून दुसरी खोटी होत नाही. कोणती कुठल्या शॉटसाठी होती एवढाच वाद असू शकतो.

उलट ‘जगातली एकमेव’ असा शब्द दिसला की सावध व्हावं. १९७० मध्ये एमजीएम स्टुडिओच्या लिलावात ‘विझर्ड ऑफ ऑझ’ या चित्रपटातले माणिकरंगी बूट १५,००० डॉलर्सना विकले गेले, तेव्हा हाच एक जोड उरला आहे अशी समजूत होती. लगोलग टेनेसीतल्या एका बाईंनी सांगितलं की एक जोड १९४० पासून आपल्याकडे आहे, स्पर्धेत जिंकलेला. पुढे आणखी जोड उजेडात आले.

कागद: नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा

वस्तूबरोबर येणारं ‘अस्सलपणाचं प्रमाणपत्र’ हा या बाजारातला सगळ्यात फुगवलेला कागद आहे. ते देण्यासाठी कुठलाही परवाना लागत नाही. लेटरहेड, शिक्का आणि चमकणारा होलोग्राम कोणीही छापून घेऊ शकतो. प्रमाणपत्राची किंमत देणाऱ्याच्या माहितीएवढीच. म्हणून त्यावर ‘आम्ही खात्री देतो’ असं आहे की ‘अमुक कारणांमुळे आम्ही या निष्कर्षाला आलो’ असं आहे, हे बघा. कारणं नसतील तर तो कागद फ्रेम करून भिंतीवर लावण्यापुरता.

खरा कागद म्हणजे मालकीची साखळी: स्टुडिओतून वस्तू कोणत्या साली, कोणाच्या हातून, कशी बाहेर पडली आणि त्यानंतर कोणाकडे होती. स्टुडिओच्या विक्रीची पावती, जुन्या लिलावाच्या कॅटलॉगमधलं पान, प्रॉप विभागाची यादी, शूटिंगदरम्यान सातत्य राखायला काढलेले पोलरॉइड फोटो, अशा गोष्टी या साखळीत येतात. त्या वेळी कोणालाच ही वस्तू पुढे विकायची नव्हती, म्हणून त्यांना वजन असतं. तीस वर्षांनंतर एखाद्या निवृत्त तंत्रज्ञाने लिहून दिलेलं पत्र यापेक्षा खूप खालचं. माणूस प्रामाणिक असला तरी कोणती प्रत कोणत्या दिवशी वापरली, हे इतक्या काळानंतर आठवत नाही. तेच पत्र नोटरी केलेलं असलं, तरी नोटरी फक्त सही खरी असल्याचं सांगतो, मजकूर नव्हे.

इथे एक चूक जाणकारही करतात: पुरावे मोजतात, त्यांचे उगम मोजत नाहीत. प्रमाणपत्र, पत्र आणि मासिकातला लेख असे तीन कागद असले, पण तिन्हींतली माहिती एकाच विक्रेत्याने पुरवलेली असली, तर तो पुरावा एकच.

वस्तू थेट स्टुडिओकडून आली म्हणजे चिंता मिटली, असंही नाही. २००६ मध्ये न्यूयॉर्कला ‘स्टार ट्रेक’ या मालिकेच्या स्टुडिओच्या गोदामातल्या वस्तूंचा मोठा लिलाव झाला. ‘डेटा’ हे पात्र पत्ते खेळताना कपाळावर लावतं ती झापड एकाने घेतली आणि तिच्यावर सही घ्यायला तो त्याच अभिनेत्याकडे गेला. ही ती नव्हेच, असं अभिनेत्याने सांगितल्याचा दावा करत खरेदीदाराने न्यायालय गाठलं. लिलावगृहाने आरोप मान्य केला नाही. निकालापेक्षा यातला मुद्दा मोठा आहे. स्टुडिओचं गोदाम हे संग्रहालय नसतं. तिथे मूळ वस्तू, जादा प्रती, प्रदर्शनासाठी नंतर केलेल्या प्रती आणि भाड्याने आणलेला माल एकाच फळीवर नांदतात, आणि चिठ्ठी चिकटवणारा माणूस दहा वर्षांनी नोकरीला लागलेला असतो.

कपड्यांच्या बाबतीत कॉलरच्या आत शिवलेली पट्टी हाच पुरावा धरतात. तीवर वेशभूषा पुरवणाऱ्या कंपनीचं नाव, नटाचं नाव, मापं असतात. पण हे कपडे भाड्याने फिरायचे; एकाच कोटात तीन चित्रपटांतले तीन नट येऊन गेले, असं सर्रास घडायचं. आणि खरी जुनी पट्टी उसवून दुसऱ्या कोटात शिवणं हे दहा मिनिटांचं काम. हे भिंगाखाली पकडता येतं. पट्टीच्या कडेला जुन्या टाक्यांची रिकामी भोकं आहेत का? पट्टीखालचं अस्तर बाकीच्या अस्तराइतकंच फिकं आहे का? मूळ पट्टीखाली झाकलेलं कापड सहसा जास्त गडद राहिलेलं असतं. ते उचलून न बघता फोटोवर विश्वास ठेवला, तर विश्वास गेला पानिपतात.

वस्तू स्वतः काय बोलते

साहित्याची तपासणी ‘खोटं’ ठरवायला उत्तम, ‘खरं’ ठरवायला कमजोर. हे एक वाक्य लक्षात राहिलं तर बरीच फसगत टळते. १९३९ च्या वस्तूत १९५८ नंतर बाजारात आलेला सुपरग्लू सापडला, तर एकतर ती नंतरची आहे किंवा नंतर दुरुस्त झाली आहे. पण सगळं साहित्य १९३९ चंच निघालं, तर एवढंच कळतं की १९३९ चं साहित्य वापरलं आहे.

अतिनील दिवा हे सगळ्यात स्वस्त हत्यार. साधारण १९५० पासून कपडे आणि धुलाईच्या पावडरींत पांढरेपणा वाढवणारी रसायनं आली; ती या दिव्याखाली निळसर पांढरी चमकतात. जुन्या कोटाची टीप चमकत नाही आणि पट्टीची टीप लख्ख चमकते, म्हणजे पट्टी नंतर लावली. मात्र सगळा कपडा चमकत असेल, तर घाई करू नका. जुना कपडा नव्या पावडरीने धुतला तरी तसाच चमकतो.

लाकूड, कापूस, लोकर यांच्यासाठी कार्बनची चाचणी होते. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून झालेल्या अणुचाचण्यांमुळे हवेतला किरणोत्सारी कार्बन १९६३-६४ च्या सुमारास जवळपास दुप्पट झाला. त्यानंतर वाढलेल्या झाडात आणि कापसात ती खूण राहते. १९४१ च्या म्हणवल्या जाणाऱ्या लाकडात ती सापडली, तर विषय संपला. सापडली नाही, तर लाकूड जुनं आहे एवढंच. जुनी फळी घेऊन तिची काल-परवा घसरगाडी केली नसेलच, हे कार्बन सांगू शकत नाही.

मुखवटे आणि प्राण्यांच्या कातडीसाठी वापरलेला फोम लेटेक्स, म्हणजे स्पंजासारखं रबर, काही दशकांत कडक होतो, तडकतो, हाताला त्याचा भुगा लागतो. चाळीस वर्षांचा म्हणवणारा मुखवटा मऊ आणि लवचीक असेल, तर ते कौतुकाचं नव्हे, शंकेचं कारण आहे.

साच्यातून काढलेल्या वस्तूंत सगळ्यात बोलका पुरावा मापांचा असतो. मूळ वस्तूवरून रबराचा साचा काढून त्यात रेझिन (ओतल्यावर घट्ट होणारं प्लास्टिक) ओतलं, की ते थोडं आकसतं. आकसणं अर्धा टक्का धरलं, तर ३०० मिलिमीटरची मूर्ती २९८.५ होते; त्या नकलेवरून पुन्हा नक्कल केली, तर २९७ च्या आसपास. डोळ्याला हे कळत नाही, पण व्हर्नियर कॅलिपरला कळतं. म्हणून ज्ञात अस्सल प्रतीची मापं मिळवणं हे अर्धं काम. शिवाय नकलेत मूळ वस्तूचे दोष वारशाने येतात. मूळच्या पृष्ठभागावरचा बुडबुड्याचा खड्डा नकलेतही उतरतो, पण त्याची धार बोथट झालेली असते. साच्याच्या दोन भागांची जोड-रेघ दोनदा दिसते: एक मूळची, घासून पुसट झालेली, आणि दुसरी नव्या साच्याची, जरा बाजूला सरकलेली. दोन जोड-रेघा दिसल्या की वस्तू तिथल्या तिथे खाली ठेवावी.

‘मूळ साच्यातून काढलेलं’ या शब्दांचं काय? ते खरं असूनही फसवं असू शकतं. ‘स्टार वॉर्स’च्या पांढऱ्या सैनिकांची शिरस्त्राणं १९७६ मध्ये इंग्लंडमध्ये अँड्र्यू आइन्सवर्थ यांनी प्लास्टिकचे पत्रे तापवून, साच्यावर ओढून घडवली. पुढे कित्येक वर्षांनी त्यांनी ती पुन्हा बनवून विकायला सुरुवात केली, तेव्हा ‘स्टार वॉर्स’ची निर्माती कंपनी लुकासफिल्मने खटला भरला. २०११ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने शिरस्त्राण हे शिल्प नव्हे असा निर्णय दिला, त्यामुळे ब्रिटिश कॉपीराइटचं संरक्षण त्याला मिळालं नाही. घडवणारा तोच, तरी नवं शिरस्त्राण कॅमेऱ्यासमोर कधीच आलेलं नाही. मूळ स्टंट शिरस्त्राणं पॉलिथिनची होती, त्यावर पांढरा रंग होता. पॉलिथिनवर रंग धरत नाही, त्यामुळे त्यांना पोपडे सुटतात. हे पोपडे दोष नव्हेत, ओळखपत्र आहे.

आणि काही वस्तूंपुढे साहित्याची तपासणी हातच टेकते. ‘स्टार वॉर्स’मधला खलनायक डार्थ व्हेडर याच्या प्रकाश-तलवारीची मूठ एमपीपी कंपनीच्या जुन्या कॅमेरा फ्लॅशच्या दांड्यापासून केली होती. तसाच दांडा आजही जुन्या बाजारात मिळवता येतो. त्यातून केलेल्या नकलेचा धातू, आटे, गंज, वय सगळं खरं असेल. इथे मदत करू शकतो तो फक्त पडदा.

पडद्याशी जुळवणी

वस्तूवरची एखादी आपसूक झालेली खूण चित्रपटाच्या फ्रेममध्ये दाखवता आली, तर तो सगळ्यात भक्कम पुरावा. लाकडातल्या रेषा, रंगाचे उडालेले शिंतोडे, तिरका चिकटलेला स्टिकर, चौकड्याच्या कापडात शिवणीवर चौकटी कुठे तुटतात, या गोष्टी दोन प्रतींत सारख्या येत नाहीत. साच्यातून आलेली खूण मात्र सगळ्या प्रतींत असते. तिची जुळवणी करून काहीच सिद्ध होत नाही. कॅटलॉगमध्ये लाल बाणांनी दाखवलेल्या ‘जुळणाऱ्या’ खुणांपैकी बऱ्याच या जातीच्या असतात.

दुसरी अडचण साध्या गणिताची. ब्लू-रे डिस्कवरच्या फ्रेमची रुंदी १,९२० पिक्सेल. ३० सेंटिमीटरची वस्तू पडद्याच्या रुंदीच्या दहाव्या भागात दिसत असेल, तर तिच्या वाट्याला १९२ पिक्सेल येतात, म्हणजे एका पिक्सेलमध्ये साधारण दीड मिलिमीटर. खूण ओळखू येण्यासाठी निदान दोन-तीन पिक्सेल हवेत. म्हणजे चार मिलिमीटरहून बारीक ओरखडा तिथे दिसूच शकत नाही. तो ‘दिसतो’ असं कोणी म्हणत असेल, तर त्याला तो दिसावासा वाटतोय. दुप्पट रुंदीच्या फोर-के प्रतीत हे प्रमाण निम्म्यावर येतं. त्यात हालचालीची भर. सेकंदाला २४ फ्रेमच्या चित्रीकरणात एक फ्रेम साधारण सेकंदाच्या ४८ व्या भागाइतकी उघडी असते. हात सेकंदाला एक मीटर वेगाने फिरला, तर वस्तू त्या एका फ्रेममध्येच दोन सेंटिमीटर पसरते.

म्हणून वस्तू स्थिर असलेला शॉट शोधा आणि एक नव्हे, लागोपाठच्या आठ-दहा फ्रेम घ्या. फिल्मचे कण प्रत्येक फ्रेममध्ये जागा बदलतात, वस्तूवरची खूण वस्तूबरोबरच सरकते. मोठ्या निगेटिव्हवर काढलेले स्टिल फोटो मिळाले, तर चित्रपटापेक्षा तेच बघा. काही शॉट आणि फोटो आरशासारखे उलटे छापलेले असतात, तेही तपासा. कोटाची बटणं कुठल्या बाजूला आहेत यावरून पटकन कळतं.

जुळवणीचा नियम एकतर्फी आहे. वस्तूवर आज जास्तीची खूण असेल, तर ती नंतर पडली असेल. पण फ्रेममध्ये स्पष्ट दिसणारी खूण वस्तूवर नसेल, तर खुलासा द्यावाच लागतो: रंग पुन्हा दिला, भाग बदलला. ‘पुन्हा रंगवली’ हा खुलासा सगळीकडेच वापरला जात असेल, तर जुळवणीत काही दम नाही.

बनावट करणाराही तीच ब्लू-रे बघत असतो, हे विसरू नये. तो चित्रपटातले ओरखडे मोजून वस्तूवर पाडतो. अशी वस्तू पडद्यावर दिसणाऱ्या बाजूने तंतोतंत जुळते, आणि कॅमेऱ्याला कधीच न दिसलेली बाजू संशय येण्याइतकी शांत असते. खरा प्रॉप आतून, खालून, मागून घाणेरडा असतो: खडूने लिहिलेला आकडा, टेपचा चिकटा, वायर ओढायला घाईत पाडलेलं भोक.

माणिकरंगी बुटांचा शेवट इथे सांगायला हवा. एक जोड २००५ मध्ये मिनेसोटातल्या संग्रहालयातून चोरीला गेला आणि २०१८ मध्ये एफबीआयने परत मिळवला. स्मिथसोनियन संग्रहालयाच्या तज्ज्ञांनी तो आपल्याकडच्या जोडाशेजारी ठेवून तपासला. बुटावरच्या फुलपाखरी गाठीवर (बो) दुरुस्ती म्हणून पारदर्शक काचेचे मणी लाल रंगवून बसवलेले दोन्हींत सापडले. ही दुरुस्ती बाहेर कोणाला माहीत असण्यासारखी नव्हती. शिवाय असं दिसलं, की दोन्ही जोड विजोड आहेत: याचा डावा आणि त्याचा उजवा मिळून खरा जोड होतो. डिसेंबर २०२४ मध्ये तो परत मिळालेला जोड २ कोटी ८० लाख डॉलर्सच्या बोलीला गेला. लिलावगृहाचं शुल्क धरून ३ कोटी २५ लाख.

बोली लावण्याआधी आणि नंतर

वस्तूचे सहाही बाजूंचे आणि आतले फोटो, अतिनील दिव्याखालचे फोटो, मिलिमीटरमध्ये मापं आणि ग्रॅममध्ये वजन लेखी मागवा. जुळवणीच्या फ्रेम कुठल्या प्रतीतून आणि कितव्या मिनिटाला घेतल्या, हे विचारा आणि त्या स्वतः काढून बघा. हीच वस्तू आधी कुठल्या लिलावात आली होती का, आणि तेव्हाचं वर्णन काय होतं? पंधरा वर्षांपूर्वी ‘निर्मितीशी संबंधित’ म्हणून गेलेली वस्तू आज ‘हिरो’ झाली असेल, तर मधल्या काळात नवा पुरावा कोणता आला ते दाखवायला सांगा.

हमीची अटही शब्दशः वाचा. काही मोठ्या लिलावगृहांत ती पाच वर्षांची असते, इतरत्र बरीच कमी. काही ठिकाणी ती फक्त ठळक मथळ्याला लागू होते, खालच्या रसभरीत परिच्छेदाला नाही. ती बहुधा पहिल्या खरेदीदारापुरतीच असते. तुम्ही वस्तू पुढे विकली की नव्या मालकाला तिचा उपयोग नाही.

वस्तू घरी आली की पहिल्याच दिवशी, खोका उघडताना, प्रत्येक बाजूचे फोटो काढा. आणि ती पुसू नका. धूळ, टेपचे अवशेष, सुटलेले पोपडे एका पिशवीत जपून ठेवा. तळाचा तो पुसट खडूचा आकडा ओल्या फडक्याच्या एका फटकाऱ्यात जातो, आणि उद्या प्रॉप विभागाची यादी सापडली, तर तिच्याशी जुळवायला तोच लागणार असतो.